संकेतस्थळ घरी ठेवावे की होस्टिंग सेवेकडे (म्हणजे पैसे घेऊन संकेतस्थळे आपल्या संगणकांवर ठेवणाऱ्या कंपनीकडे)?

संकेतस्थळ घरच्या संगणकावर ठेवायचे ठरवण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ या नावाखाली दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला आकडी पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग राउटरमध्ये ८० व ४४३ हे पोर्ट (संकेतस्थळाकडे येणाऱ्या मागण्यांचे क्रमांकित दरवाजे) उघडूनही बाहेरचा वाचक आपल्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा किंवा टनेल सेवा, म्हणजे बाहेरच्या वाचकांना स्वतःच्या सर्व्हरमार्फत आपल्या संगणकापर्यंत पोहोचवणारी सेवा, वापरावी.

त्यानंतर अपलोडचा वेग मोजावा, कारण वाचकाचे डाउनलोड म्हणजे आपले अपलोड. २ मेगाबाइटचे छायाचित्र सेकंदाला १० मेगाबिट वेगाने पाठवायला सुमारे १.६ सेकंद लागतात (१ बाइट म्हणजे ८ बिट). एकाच वेळी १० वाचक आले, तर तेच काम १६ सेकंदांवर जाते.

खरी काळजी सुरक्षिततेची आहे. सर्व्हरचा, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवले आहे त्या संगणकाचा, लॉग (कोण कधी आले याची आपोआप होणारी नोंद) उघडून पाहावा: आपण कोणालाही पत्ता कळवलेला नसताना अनोळखी यंत्रे लॉगिनचे पान शोधत असलेली त्यात ओळीने दिसतात. म्हणून सर्व्हर घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावा आणि बॅकअप घराबाहेर ठेवावा.

शिकण्यासाठी प्रत्येकाने एकदा तरी घरी सर्व्हर उभारावा, असे मला मनापासून वाटते. परंतु ज्या संकेतस्थळावर कोणाचा व्यवसाय अवलंबून आहे, ते होस्टिंग सेवेकडेच द्यावे. पैसे भरण्यापूर्वी नूतनीकरणाचा दर विचारावा, आणि डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंदणी मात्र स्वतःच्याच नावावर ठेवावी.