एल्क गप्प झाले की त्यांना कुठं शोधायचं

सप्टेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कचे, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचे, नर माजावर असतात. पहाटे एकानं शीळ घातली की दुसरा उत्तर देतो, आणि शिकाऱ्याला आयताच पत्ता मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यात रायफलचा पहिला हंगाम उघडतो, तोवर माज ओसरलेला असतो, तिरंदाजांनी महिनाभर जंगल तुडवलेलं असतं. मग दरवर्षी तीच रड, "यंदा एल्कच नाहीत." अहो, अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क याच राज्यात आहेत! जातील कुठं?

मी मूळची यवतमाळची. आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, त्यामुळं बंदूक हातात धरली ती इथं, शिकारी प्रशिक्षणाचं कार्ड काढून. नवीन मंडळींना माझं पहिलं सांगणं एकच असतं: एल्कचा आवाज काढायची शिट्टी खिशात ठेवा. आवाज काढत हिंडणारा माणूस या जनावरांनी महिनाभर ऐकलेला असतो.

एल्क गप्प झाला तरी खायचं सोडत नाही. रात्री तो कुरणात चरतो आणि उजाडता उजाडता झाडीत शिरतो. म्हणून तांबडं फुटायच्या आधी कुरणासमोरच्या डोंगरधारेवर दुर्बीण घेऊन बसा. अख्खं जनावर शोधू नका. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. फिकट पिवळसर ढुंगण तर लांबूनही उठून दिसतं.

काहीच दिसलं नाही तर माग काढा. इथल्या सरकारी जंगलात गुरंही चरतात, त्यामुळं घोटाळा होतो. गाईचा खूर मोठा आणि गोलसर, एल्कचा त्याहून निमुळता, साधारण चार इंची. लेंडी काडीनं फोडून बघा. आतून ओली, हिरवट असेल तर जनावर जवळपास असायची शक्यता चांगली. वाळकी असेल तर पुढं चला. गवत दबून लांबट खळगा झाला असेल आणि गोठ्यासारखा उग्र वास येत असेल, तर ती बसायची जागा. दिवसा एल्क बहुधा उत्तरेकडच्या उतारावर, स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) दाट अंधाऱ्या झाडीत पडून असतात.

आता वारा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे नाही. ऊन पडेपर्यंत थंड हवा उताराला धरून खाली सरकते, उतार तापला की तीच वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणजे पहाटे जनावराच्या खालून जायचं आणि दुपारी वरून उतरायचं. मधला तासभर हवा कुठंही फिरते, तेव्हा गुपचूप बसून डबा खावा. मी छोट्या बाटलीत शंखजिऱ्याची पूड ठेवते. चिमूटभर उडवली की कळतं. झाडीत शिरल्यावर चार पावलं टाकायची, थांबायचं, बघायचं, पुन्हा चार पावलं. चालण्यापेक्षा थांबणं जास्त झालं पाहिजे.

अगदी राहवत नसेल तर मादीचा एकच हलका आवाज काढा आणि अर्धा तास जागचं हलू नका. नर आलाच तर न बोलता येतो, तोही वळसा घालून, तुमचा वास घेत. त्यामुळं वारा तुमच्याकडून जिकडं वाहतो, नजर त्या बाजूला हवी.

रायफल हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट आणि टोपी सक्तीची आहे. गुलाबीला हसू नका, तेही कायद्यात बसतं. अन् दरीच्या तळाशी उतरायच्या आधी एक हिशोब करा. मोठा नर तीनशे किलोच्या घरात जातो, आणि खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. कातडं लगेच काढलं नाही तर थंडीतही मांस आतून बिघडतं. चारही फरे, म्हणजे पायांकडचे मांसाचे मोठे तुकडे, पाठीवर घेऊन तो चढ तीन-चार वेळा चढायची तयारी नसेल, तर तिथं गोळी झाडू नका.