छोट्या युनिटमधल्या माणसांच्या येण्याजाण्याची सोय: शिरोली एमआयडीसीतला अनुभव

नवीन युनिट टाकलेल्या पोरांचं पहिलं गाऱ्हाणं एकच असतं, माणसं टिकत नाहीत. चार दिवस येतात, पाचव्या दिवशी दांडी, मग फोन लागत नाही, पगार वाढवून बघितला तरी तेच. माझं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, मशीनिंग करून देतो, इन्स्पेक्शन आणि पॅकिंगला आसपासच्या गावातल्या बायका आहेत, सगळी मिळून दहाच्या आतबाहेर माणसं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला ठामपणे कळलीय, आपल्यासारख्या ठिकाणी बऱ्याचशा दांड्या कामाच्या कंटाळ्यानं पडत नाहीत, रस्त्यामुळं पडतात. मोठ्या कंपनीची बस गावाच्या वेशीपर्यंत जाते, आपल्याला ती परवडणार नाही हे मान्य, पण एकेका माणसाचा रस्ता बघून त्याच्यापुरती सोय लावणं हे आपल्यालाच जमतं, मोठ्या कंपनीला नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी रस्ता बघा, पैशाचं नंतर. इंटरव्ह्यूला माणूस आला की आपण विचारतो शिक्षण काय, अनुभव किती, आधी कुठं होता. त्याबरोबरच विचारायचं, घरातनं किती वाजता निघणार, पहिली गाडी कितीला, ती चुकली तर दुसरी कधी, संध्याकाळी परत जायला शेवटची कोणती, आणि फाट्यावर उतरल्यावर आत चालत किती. नुसतं "येतो की साहेब, काय प्रॉब्लेम नाही" या उत्तरावर थांबायचं नाही, कारण कामाची गरज असलेला माणूस हेच म्हणणार.

आमच्याकडं इन्स्पेक्शनला एक ताई आहेत, हेर्ल्याच्या आतल्या बाजूला घर. कामाला इतक्या पक्क्या की त्यांनी तपासून पास केलेला भाग कस्टमरकडून परत आलाय असं होत नाही, पण आठवड्यातनं एक-दोनदा उशीर ठरलेला. सुपरवायझर वैतागला होता. म्हणलं आधी बघूया तरी, आणि एक दिवस सकाळी आम्ही दोघं त्यांच्याच रस्त्यानं आलो. घरापासून मेन रोडपर्यंत चालत, तिथं हातकणंगल्याकडनं येणारी एसटी, ती त्या वेळेला कॉलेजच्या पोरांनी एवढी गच्च भरलेली की ड्रायव्हर थांब्यावर ब्रेकच लावत नाही, मग वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणारी खासगी जीप, बघायचं, आणि वडापवाला शेवटची सीट भरल्याशिवाय जागचा हलत नाही, कंडक्टर पोरगा "सांगली फाटा, सांगली फाटा" करत उभा आणि आतली माणसं घड्याळ बघत बसलेली. सांगली फाट्याला उतरलं की पुन्हा चालत आत, रस्त्याच्या कडेला लोडिंगचे ट्रक उभे. त्या बाईंचा सगळा उशीर त्या एका सीटच्या वाट बघण्यात होता.

यावर उपाय निघाला तो बिनपैशाचा. मशीन साडेआठला सुरू झालं तरी पहिला लॉट उतरून, धुवून, टेबलावर यायला तास तरी जातो, मग इन्स्पेक्शनवाल्या माणसानं साडेआठलाच हजर असायचं कशाला? त्यांची वेळ नऊची केली, संध्याकाळी अर्धा तास पुढं. नऊच्या हिशोबानं जी एसटी मिळते ती रिकामी असते. विषय संपला. तेव्हा कुठलाही खर्च करायच्या आधी शिफ्टची वेळ आणि गाड्यांचं टाइमटेबल शेजारी-शेजारी ठेवून बघा, ऑपरेटरला वेळ हलवता येत नाही पण पॅकिंग, स्टोअर, झाडलोट, हिशोबाचं काम यात भरपूर जागा असते.

आता पैशाचं. हातात रोख शंभर-दोनशे देण्यापेक्षा पास काढून द्यावा हे माझं मत. एसटीचा महिन्याचा पास वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर चालतो. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं एकाच गावातनं येणाऱ्या बाईचा आणि पुरुषाचा खर्च वेगळा पडतो, भत्ता ठरवताना हे लक्षात घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं जवळजवळ पंधरा टक्के वाढलं तेव्हा आम्ही भत्ता पण वाढवला, कारण भत्ता एकदा ठरवून वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर तो नावापुरता राहतो.

भत्ता पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवायचा, "प्रवास भत्ता" म्हणून. दोन गोष्टी इथं नवीन लोकांना कुणी सांगत नाही. एक, किमान वेतन भरताना हा भत्ता त्यात धरता येत नाही, म्हणजे पगार कमी ठेवून प्रवासाचे पैसे मिळवून किमान वेतन पुरं झालं असं म्हणता येणार नाही. दुसरी, ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, वर्गणीसाठी प्रवास भत्ता मजुरीत धरला जात नाही हे खरं, पण म्हणून कुणी निम्मा पगार भत्त्यातच घालायला निघालं तर नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडप्रमाणं, म्हणजे नव्या कामगार कायद्यांप्रमाणं, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनातच धरतात. तुमच्या अकाउंटंटला बसवून एकदा नीट करून घ्या, तासाभराचं काम आहे.

जवळ राहणाऱ्याचा प्रश्न येतोच. आमचा एक ऑपरेटर शिरोलीतच राहतो, चालत येतो, तो म्हणाला, "मालक, मी जवळ राहतो हा माझा गुन्हा काय?" त्याचं बरोबर होतं. म्हणून नियम सगळ्यांसमोर ठेवला, इतक्या किलोमीटरच्या पुढं भत्ता, आणि जवळच्याला शटर उघडायची आणि कॉम्प्रेसर चालू करायची जबाबदारी, त्याचे वेगळे पैसे. कुणाला गुपचूप देऊ नका, छोट्या ठिकाणी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

गाडीचा विषय मोठा आहे, इथं सावकाश वाचा. ज्या गावात एसटी दिवसातनं दोनदाच जाते तिथं पासचा उपयोग नाही, तिथं माणसाला स्वतःची दुचाकी लागते. आम्ही सेकंडहँड गाडीसाठी उचल देतो, हप्ता पगारातनं कापतो, पण कागद करून. रक्कम किती, हप्ता किती, काम सोडलं तर राहिलेलं कसं फेडायचं, दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडं. हप्ता असा बसवायचा की घरात किराणा भरता आला पाहिजे, नाहीतर तो माणूस तुमची उचल फेडायला दुसऱ्याकडनं उचल घेतो आणि मग एक दिवस गायब होतो, त्याला दोष देऊन काय उपयोग. आणि गाडी घेतली की आरटीओत नावावर करून घ्यायला लावा, त्यासाठी अर्धा दिवस भरपगारी सुट्टी द्या. अपघात झाला तर कायदा रेकॉर्डवर नाव कुणाचं आहे ते बघतो, जुना मालक आणि नवा मालक दोघं कोर्टात फिरत बसतात.

घरात पडून असलेली आपली जुनी गाडी कामगाराला वापरायला द्यावीशी वाटते, भावना चांगली आहे, पण आधी त्याचं लायसन्स डोळ्यांनी बघा. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकाला पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विमा कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते तुमच्याकडनं वसूल करू शकते. शिवाय गाडीच्या पॉलिसीतला पंधरा लाखांचा अपघात विमा असतो तो मालक स्वतः चालवत असेल तर, तुमच्या गाडीवरच्या कामगाराला तो लागू होत नाही. त्याच्या नावानं वेगळा अपघात विमा काढा, फार महाग नसतो.

बायकांच्या बाबतीत मला जास्त कळकळीनं सांगायचंय. पॅकिंगला असलेल्या एका वहिनींना गाडी शिकायची होती पण घरात कुणी शिकवणारं नव्हतं. साप्ताहिक सुट्टीला एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, तिथं आमच्या ऑफिसमधल्या मॅडमनी त्यांना शिकवलं, पहिल्यांदा नुसती गाडी स्टँडवरनं काढणं आणि लावणं, मग पाय टेकत टेकत, मग हात दाखवून वळणं. लर्निंग लायसन्स काढलं, ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. आता त्या स्वतः येतात आणि वाटेत अजून एकीला मागं बसवून आणतात, दुसरीच्या हेल्मेटचे पैसे आम्ही दिले. गावातनं आलेल्या बाईला गाडी आली की तिचं फक्त कामावर येणं सोपं होत नाही, पोराला दवाखान्यात न्यायला पण ती कुणाच्या तोंडाकडं बघत बसत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. उशीर झाला म्हणून मालकानं एकट्या बाईला आपल्या कारमधनं घरी सोडायला जाऊ नये, तुमच्या मनात काही नसेल पण गावात तिला त्याचा त्रास होतो. दोघीतिघी असतील तर सोडा, किंवा तिच्या घरच्यांना आधी फोन करून सांगा. शक्य तर नोकरीवर घेतानाच एकदा तिच्या सासूशी, नवऱ्याशी बोलून घ्या, वेळ काय, परत कशी येणार. रात्री साडेनऊनंतर बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहन पाहिजे, दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडं बायकांची वेळ सहाच्या पुढं जात नाही.

शेजारच्या दोन-तीन युनिटनी मिळून एखादी गाडी ठरवणं हा पण चांगला मार्ग आहे, एकाच पट्ट्यातनं, म्हणजे चोकाक, अतिग्रे, हेर्ले, हालोंडी असे लोक येत असतील तर. फक्त गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्यानं चालवायचा परवाना असलेली बघा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं आणणं कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच बोट दाखवते.

विम्याकडं लहान मालक दुर्लक्ष करतात. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला, केस आपल्या धाराशिवकडची, साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवरनं निघाला आणि कारखाना पाचएक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. घरच्यांना भरपाई मिळायला हवी, घरातनं कामावर येतानाचा अपघात वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध जुळत असेल तर नोकरीतलाच अपघात धरायचा, असं कोर्टानं म्हणलं. त्या कुटुंबाला बावीस वर्षं लागली. ईएसआयमध्ये ही तरतूद २०१० पासूनच आहे, पण दहापेक्षा कमी माणसं असतील आणि ईएसआय नसेल तर जबाबदारी सरळ आपल्यावर येते, त्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी काढाच.

कोल्हापूर भागात अजून दोन गोष्टींची तयारी लागते. एक पाणी. ऑगस्ट २०१९ ला आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद, शहरात राहणारी आमची माणसं नदीच्या पलीकडं अडकली. अशा दिवसांचा पगार काय करायचा हे पाणी यायच्या आधी ठरवून सांगून ठेवा, आम्ही कापत नाही. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, त्या काळात ज्यांच्याकडं गाडी होती त्यांना दुसऱ्याला आणायचे पेट्रोलचे पैसे दिले आणि कोण कुणाला आणणार याची यादी नोटीस बोर्डवर लावली, ती यादी आजपण कामाला येते, एखाद्याची गाडी पंक्चर झाली की त्यावर बघून फोन होतो.

दुसरी गोष्ट ऊस. एकदा सीझन सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि समोरच्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला की ट्रॉली दिसतच नाही. त्या चार-पाच महिन्यांत दुचाकीवाल्यांना आम्ही उजेडातच सोडायचा प्रयत्न करतो, ओव्हरटाइम लागला तर संध्याकाळऐवजी सकाळी लवकर. दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या गाड्यांचे हेडलाइट, टेललाइट आणि ब्रेक गेटवरच तपासून घेतो, गॅरेजवाल्याला अर्धा दिवस बोलावतो, बल्ब आणि ब्रेक शूचा खर्च युनिटचा, आणि प्रत्येक गाडीच्या मागं लाल रिफ्लेक्टर टेप मारतो.