गर्दी झेलणाऱ्या ऑनलाइन दुकानाला होस्टिंग कसं निवडायचं

दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगिन) आहे, पेमेंट गेटवे जोडलाय, ऑर्डरी येतायत आणि नेमकी सणाच्या आठवड्यात साइट लटकते, अशा लोकांसाठी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायचा भाड्याचा सर्व्हर, कसं घ्यायचं ते लिहितोय. शॉपिफायवर असाल तर सर्व्हरची डोकेदुखी त्यांची, तुम्ही कशाला वाचत बसता. आणि ते 'टॉप टेन होस्टिंग'वाले व्हिडिओ आधी बंद करा, खाली लिंक दिलेली असते त्यातल्या बऱ्याच लिंकांवर बोलणाऱ्याला कमिशन असतं.

सर्व्हर कुठं घ्यायचा

भारतात. मुंबई किंवा बेंगळुरू, आपल्याला बेळगावातून दोन्ही सारखंच लांब आणि गिऱ्हाईक कोल्हापूर, पुणे, गोवा, हुबळीचं, त्यामुळं यावर डोकं खाजवत बसू नका. फक्त अमेरिकेतला स्वस्त सर्व्हर घेऊ नका, तिथं एक फेरी जाऊन यायलाच दोनशे मिलिसेकंदाच्या वर लागतात आणि चेकआउटला अशा फेऱ्या बऱ्याच होतात. सीडीएन, म्हणजे फोटो-फायलींच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, लावला की फोटो जवळून येतील, पण कार्ट आणि चेकआउट शेवटी मूळ सर्व्हरवरच जातं.

शेअर्ड सोडा

गर्दीच्या दुकानाला शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) नको, विषय संपला. 'अनलिमिटेड बँडविड्थ, अनलिमिटेड वेबसाइट' असं मोठ्या अक्षरात असतं आणि सीपीयू, एकावेळच्या प्रोसेस, फायलींची संख्या यांच्या मर्यादा कुठंतरी खाली बारीक अक्षरात. गर्दी झाली की '५०८ रिसोर्स लिमिट' चा पांढरा पडदा येतो, तो त्यातलाच प्रकार. व्हीपीएस (सर्व्हरचा ठरलेला वाटा तुमचा, सांभाळायचाही तुम्हीच) घ्या नाहीतर मॅनेज्ड क्लाउड (सांभाळायचं काम कंपनीचं) घ्या. रात्री अकराला टर्मिनल उघडून सर्व्हर बघणारा माणूस तुमच्याकडं आहे का, असला तर व्हीपीएस, नसला तर चार पैसे जास्त गेले तरी मॅनेज्डच.

खरी गोम: वर्कर

इथं सगळे फसतात. कंपन्या प्लॅन विकतात 'महिन्याला एक लाख व्हिजिट' अशा भाषेत, आणि लोक आपला महिन्याचा आकडा काढून प्लॅन उचलतात. महिन्याच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. तुमची साइट महिन्याच्या सरासरीला पडत नाही, ती पडते दिवाळीच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट गेल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

त्या दहा मिनिटांत काय होतं ते कुंद्याच्या (आपल्या बेळगावची दुधाची मिठाई) दुकानावरून बघा. काचेबाहेर उभं राहून शंभर माणसं बघू शकतात, त्याला काही लागत नाही, पण आत वजन करून बांधून देणारे चारच असतील तर पाचव्याला थांबावंच लागतं. होमपेज, कॅटेगरी, प्रॉडक्टची पानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून जातात, ती झाली काच. कार्टमध्ये टाकणं, कार्टचं पान, चेकआउट, माय अकाउंट, सर्च हे कॅश करून चालत नाही, प्रत्येक वेळी पीएचपीचा (वूकॉमर्स ज्या भाषेत लिहिलंय ती) एक वर्कर, म्हणजे आतला बांधून देणारा माणूस, अडकतो आणि डेटाबेस कामाला लागतो. म्हणजे बघायचा आकडा व्हिजिटचा नाही, एकावेळी किती वर्कर मोकळे मिळतात त्याचा.

हिशेब असा करा. मागच्या सणाचा सगळ्यात गर्दीचा तास अ‍ॅनालिटिक्समधून काढा. समजा एकावेळी ३०० माणसं साइटवर होती आणि एकेकजण ३० सेकंदाला एक क्लिक करतोय, म्हणजे सेकंदाला १० रिक्वेस्ट. त्यातल्या ४ कॅशच्या बाहेरच्या धरा. एका रिक्वेस्टला १ सेकंद लागत असेल तर ४ वर्कर कायम अडकलेले. आता गर्दीत डेटाबेस दमला आणि तेच काम २ सेकंदाचं झालं की ८ लागतात, आणि ते नसले की रांग लागते, रांग लागली की लोक परत परत रिफ्रेश मारतात आणि रांग अजून वाढते. म्हणून आलेल्या आकड्याच्या तिप्पट घ्या, इथं १२.

पण नुसते वर्कर वाढवून भागत नाही, हे सेल्सवाला सांगत नाही. २ कोरच्या, म्हणजे काम करणारी दोनच डोकी असलेल्या मशीनवर १२ वर्कर लावले तर ते बारा जण त्याच दोन कोरसाठी भांडत बसतात. एकेका वर्करला साधारण १०० एमबी मेमरी धरा, वर डेटाबेस आणि रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर), म्हणजे ४ कोर आणि ८ जीबी रॅमच्या खाली मी तरी कुणाला घेऊ देत नाही. सेल्सवाल्याला सरळ विचारा, या प्लॅनमध्ये पीएचपी वर्कर किती, रेडिस आहे का, डेटाबेसला मेमरी किती. वर्करचा आकडा लेखी देत नसेल तर फोन ठेवा.

बेळगावच्याच शहापुरातल्या एका साडीवाल्यांचं उदाहरण सांगतो. वरमहालक्ष्मीच्या सणाआधी फेसबुकवर जाहिरात लावली, माणसं फार नव्हती तरी साइट पडली, आणि होस्टिंगवाले म्हणायलेत की मोठा प्लॅन घ्या. कारण वेगळंच निघालं. फेसबुकच्या लिंकच्या शेपटीला एफबीसीएलआयडी नावाचा लांबलचक कोड असतो, प्रत्येक क्लिकला वेगळा, आणि तिथली सर्व्हरची कॅश प्रत्येक कोडला नवीन पान समजत होती. म्हणजे काचेबाहेरून बघणारासुद्धा काउंटरवर येऊन उभा. वरून यूपीआयने पैसे कटलेले आणि गेटवेचा निरोप घ्यायला वर्कर मोकळा नाही, म्हणून ऑर्डर 'पेंडिंग', आणि दिवसभर दुकानात फोन. म्हणून प्लॅन घेण्याआधी विचारायचं, असले जाहिरातीचे कोड तुमची कॅश सोडून देते का.

आपल्याकडं आणखी एक भानगड असते, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत दुकान. असलंच पाहिजे, पण प्रत्येक पानाच्या तीन प्रती कॅशमध्ये लागतात आणि भाषांतराचे काही प्लगिन डेटाबेसला चांगलंच घोळसतात. सणाच्या आदल्या दिवशी कॅश पुसू नका, पुसलीच तर तिन्ही भाषांतली मुख्य पानं आधी उघडून तयार ठेवा.

घेण्याआधी मारून बघा

महिन्याच्या बोलीवर प्लॅन घ्या, दुकानाची कॉपी त्यावर चढवा, मेलबिल बंद करा नाहीतर खऱ्या गिऱ्हाइकांना मेल जातील, आणि केसिक्ससारख्या (k6) फुकटच्या टूलने त्यावर खोटी गर्दी सोडा. होस्टिंगवाल्यांना आधी कळवा, नाहीतर हल्ला समजून ब्लॉक करतील. नुसत्या होमपेजवर टेस्ट करून 'दहा हजार लोक झेलले' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ते कॅशचं कौतुक आहे. स्क्रिप्टमध्ये कॅटेगरी, प्रॉडक्ट, कार्टमध्ये टाकणं आणि कॅश ऑन डिलिव्हरीने ऑर्डर, एवढं पाहिजेच. सरासरी बघू नका, शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट किती सेकंदात गेल्या ते बघा. चेकआउट तीन सेकंदाच्या वर गेलं तर प्लॅन नापास.

बाकीचं

पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा. १८ टक्के जीएसटी वर असतो, बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या. कंपनी परदेशी असेल आणि टॅक्स लावत नसेल तर रिव्हर्स चार्जचं (टॅक्स विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायचा) सीएला विचारा. बॅकअप रोजचा आणि दुसऱ्या कंपनीकडं, आणि एकदा तरी तो परत चढवून बघितलेला पाहिजे.

हलवताना

श्रावण ते दिवाळी हलवायचं नाही. हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (साइटचा जुना पत्ता बाकीच्यांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० सेकंदावर आणा, रात्री दुकान मेंटेनन्सवर टाकूनच डेटाबेसची शेवटची कॉपी घ्या नाहीतर मधल्या ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर राहतात, एक खरी यूपीआय ऑर्डर करून बघा, जुना प्लॅन आठवडाभर चालू ठेवा.

वर्षाचे पैसे मात्र लगेच भरू नका. पहिला मोठा सेल जाऊ द्या, मग पीएचपी-एफपीएमच्या (वर्कर सांभाळणारा प्रोग्राम) लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन'ची, म्हणजे जास्तीत जास्त वर्करची मर्यादा गाठल्याची ओळ आलीय का ती शोधा, मॅनेज्डवर असाल तर सपोर्टला शोधायला लावा. आली असेल तर आधी सीपीयू बघा, त्याला जागा असेल तर वर्कर वाढवा, नसेल तर मोठं मशीन. नसेल आली तर भरा वर्षाचे.