मांजरीचं पिल्लू आणि हॅमस्टर एकाच घरात

पिल्लू हॅमस्टरच्या (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) पिंजऱ्यासमोर दबून बसलंय, नजर हलत नाही, शेपटीचं टोक तेवढं वळवळतंय. बघणाऱ्याला वाटतं, गट्टी जमली! अहो, ती शिकारीची तयारी असते. म्हणून खरा भरवशाचा उपाय एकच, मधलं बंद दार. तेही कडी लावून, कारण नुसतं लोटलेलं दार पिल्लू पंजाने ओढून उघडतं.

गजांच्या पिंजऱ्यात पंजा आत जातो, त्यापेक्षा काचेची टाकी बरी. झाकण जाळीचं हवं आणि क्लिपांनी घट्ट बसणारं. सैल असेल तर पिल्लू वर उडी मारून ते आत पाडतं. टाकी टेबलाच्या कडेला नको. आत लपायला घरटं आणि बीळ करण्याइतका अंथरुणाचा जाड थर द्या, नाहीतर मांजराच्या नुसत्या वासानेही हॅमस्टर धास्तावतो. त्याला उचलण्याआधी हात धुवा.

संध्याकाळी दोघांनाही चेव येतो. तेव्हा पिल्लाला काठीच्या पिसामागे पळवून दमवा, मग खायला घाला.

आणि हॅमस्टरला पिल्लाचा दात लागलाच, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच पशुवैद्य गाठा. मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी इतका लहान जीव झटकन दगावू शकतो.