नंदुरबारला सर्वेक्षणाला निघालात? भाषेचा रकाना आधी खोडा

दिवाळी जवळ आली की मला दोन-तीन फोन हमखास येतात. एम.ए. नाहीतर एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाची मुलं. लघुप्रबंधाचा विषय 'जिल्ह्यातील लोकजीवन आणि अर्थव्यवस्था' असा ऐसपैस, आणि जिल्हा नंदुरबार. प्रश्नावली कशी करायची, नमुना कसा काढायचा, हे तुम्हाला वर्गात शिकवलेलं असतं, त्यात मी पडत नाही. मी सांगते ते माझ्या प्रबंधाच्या 120 फॉर्मांबद्दल. चांदसैली घाटातून एसटीने मांडीवर घेऊन उतरवले होते. त्यातले बहुतेक वाया गेले.

आधी थोडक्यात जागा समजून घ्या. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, मधून तापी. तापीच्या दक्षिणेला नंदुरबार आणि नवापूर, उत्तरेच्या सपाटीवर शहादा आणि तळोदा, अक्कलकुवा अर्धा सपाटीवर अर्धा डोंगरात, आणि अक्राणी पुरता डोंगरात. अक्राणी हे कागदावरचं नाव. एसटीच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी धडगाव. पहिल्या दिवशी स्टँडवर मी 'अक्राणीची गाडी' शोधत होते, यावरून माझी तयारी किती होती ते ओळखा.

जुने आकडे काढताना एक भानगड होते, तीही सांगून टाकते. हा जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा निघाला. त्याआधीच्या जनगणनेत 'नंदुरबार जिल्हा' शोधाल तर सापडणार नाही. धुळ्याच्या तक्त्यांतून तालुके वेचून बेरीज करावी लागते. त्याही मागे गेलात तर पश्चिम खानदेश, आणि 1906 पूर्वी अख्खा एकच खानदेश. इंग्रजी आमदानीतल्या गॅझेटिअरमधून भिल्लांवरचे उतारे उचलून पहिलं प्रकरण भरायची फार जुनी खोड आहे. ते साहेबाने साहेबासाठी लिहिलंय आणि त्यात भिल्ल म्हणजे बंदोबस्ताचा प्रश्न. वाचा जरूर, पण उतारेच्या उतारे उचलू नका.

आता मी ज्या खड्ड्यात पडले त्याकडे येते.

जानेवारीतला रविवार. धडगावच्या वरच्या बाजूचा एक पाडा, घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर विखुरलेली. माझ्याबरोबर जवळच्या शाळेचे गुरुजी होते, खाली सपाटीवरचे, घरी अहिराणी बोलणारे, मनाने अतिशय चांगले. एका अंगणात आजी मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या आणि आश्रमशाळेतून सुट्टीला आलेला नातू बाजूला. मी माझ्या चौथ्या प्रश्नावर आले. "आजी, तुमची भाषा कोणती?" आजींनी नातवाकडे बघितलं, नातवाने गुरुजींकडे, गुरुजींनी माझ्याकडे. "मराठी लिहा मॅडम," गुरुजी म्हणाले. मी लिहिलं. तेवढ्यात एक बकरी कणसांत तोंड घालायला आली आणि आजींनी तिला जे काही सुनावलं त्यातला एक शब्द मला कळला नाही. फॉर्मवर 'मराठी'ची शाई अजून ओली होती. तरीही पुढच्या घरी मी तेच लिहिलं, आणि त्याच्या पुढच्याही.

असं का होतं, हे मला कळायला वर्ष गेलं. 'भाषा' हा शब्दच मुळात शाळेतून आलेला. जी पुस्तकात असते, जिच्यात दाखला मिळतो, ती भाषा. घरात बोलतात त्याला लोक 'आमची बोली' म्हणतात, किंवा नुसतं 'आमचं'. त्यात विचारणारी बाई शहरातली, हातात छापील कागद, बरोबर गुरुजी. अशा वेळी माणूस कागदाला शोभेल ते उत्तर देतो. यात कोणी खोटं बोलत नसतं. प्रश्नच चुकलेला असतो.

दुसऱ्या फेरीला मी हुशारी केली आणि सगळीकडे 'भिल्ली' लिहिलं. तेही तितकंच निरुपयोगी. 2011 च्या जनगणनेत 'भिली/भिलोडी' या शीर्षकाखाली 1 कोटीहून अधिक लोक आहेत, राजस्थानातल्या वागडीपासून आपल्या मावचीपर्यंत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नसलेल्यांत हा सगळ्यात मोठा गट. पण तो गट आहे, पोटात वेगवेगळी नावं आहेत, आणि या एका जिल्ह्यातच त्यातली कितीतरी भेटतात. धडगाव-शहाद्याच्या डोंगरपट्ट्यात पावरी, धडगावकडेच नोईरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, नवापूरला मावची आणि कोकणी. सपाटीवर अहिराणी, जिच्यात 'आहे'चं 'शे' होतं. शहाद्याकडच्या गुजर घरांत गुजरी. जनगणना तिला अहिराणीबरोबर 'खानदेशी'त धरते. शिवाय शहरांत उर्दू, हिंदी, गुजराती.

त्यातही कोकणीवरून पाय घसरतो. नवापूरची कोकणी म्हणजे कोकणा या आदिवासी समाजाची बोली. रत्नागिरी-गोव्याशी तिचा संबंध लावू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने तक्त्यात ते लोक 'कोकणातून स्थलांतरित' म्हणून टाकले होते. हसू नका, टंकलेखन होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आडनावावरून बोली ठरवायचा शॉर्टकटही असाच. पाडवी, वळवी, वसावे, तडवी ही आडनावं तालुक्यागणिक वेगळं बोलतात, आणि इथले तडवी म्हणजे जळगावकडचे मुस्लिम तडवी भिल्ल नव्हेत.

मग विचारायचं काय? जनगणनेची व्याख्या मला नंतर सापडली आणि मी कपाळावर हात मारला. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी बोलायची ती. आई लवकर गेली असेल तर लहानपणी घरात जी बोलली जायची ती. त्याशिवाय आणखी दोन भाषा नोंदवायची सोयही तिथे असते. माझ्या फॉर्मवर एकच ओळ होती. आता मी ती ओळ खोडायला लावते आणि त्या जागी माणसं लिहायला सांगते: आईशी काय बोलायचात, बायकोशी, पोरांशी, बाजारात व्यापाऱ्याशी, ऊसतोडीच्या मुकादमाशी, तहसीलमध्ये. अक्कलकुव्याकडच्या एका तरुणाने मला एका दमात सांगितलं: आईशी देहवाली, बायको पावरा समाजाची म्हणून तिच्याशी देहवाली-पावरीची मिसळ, उसाच्या फडावर गुजराती, तहसीलला मराठी, पोराशी 'जमेल तेवढी मराठी, शाळेत मार खायला नको'. शेवटचं वाक्य माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ते मी समासात लिहिलं, आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त चर्चा त्यावर झाली.

दुभाषा पाड्यावरचाच घ्या, शक्यतो बाई. बायका गुरुजींसमोर बोलत नाहीत, हे मी सोन्याच्या भावात शिकले आहे.

व्यवसायाच्या रकान्याचंही हेच, थोडक्यात सांगते. 'धंदा काय?' विचारलंत की उत्तर 'शेती'. खोटं नाही, पण वर्षातले चार-पाच महिने. डोंगरात ज्वारी, मका, भगर, तूर हे पावसावरचं पीक. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला दक्षिण गुजरातेत ऊसतोड. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. होळीला परत, कारण होळी चुकवायची नसते. मग मोहाची फुलं वेचायची, नंतर कैऱ्या सोलून, काप वाळवून आमचूर. म्हणून महिन्यांवरून विचारा: दिवाळीनंतर कुठे होता, होळीनंतर काय केलं. आणि माझ्यासारखं जानेवारीत जाऊ नका. निम्म्या घरांना कुलूप होतं. माझ्या नमुन्यात म्हातारी माणसं आणि पोरंच निघाली, आणि मी त्यावरून 'जिल्ह्यात वृद्धांचं प्रमाण लक्षणीय' असं वाक्य लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं.

सपाटीवर दुसरंच जग. शहाद्याकडे केळी, पपई, कापूस, ऊस. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या. ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात, अवकाळी पाऊस आला की व्यापारी आणि मजूर दोघांचं नुकसान. डोक्यावर-तोंडावर फडकं बांधून बायका ती खालीवर करत असतात. तिथे अर्धा तास उभं राहून बघा. तुमच्या डोळ्यांतून पाणी येईल, त्यांची दिवसभर तीच हवा.

हे सगळं वाचून घाबरू नका. लोक घरात घेतात, पाणी देतात, तुमच्या चुकीच्या उच्चारांवर मनमोकळं हसतात. मला एकानेही हाकललं नाही. हाकललं असतं तर कदाचित लवकर शहाणी झाले असते.

मार्गदर्शकांबद्दल मात्र माझं मत कडू आहे. माझे मार्गदर्शक शहाद्याच्या वर कधी गेलेले नव्हते, आणि 'आदिवासीबहुल, मागास' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी प्रस्ताव मंजूर केला. 2011 ला 69 टक्के आदिवासी आणि 64 टक्के साक्षरता हे आकडे खरे, पण सगळे प्रबंध त्याच दोन आकड्यांनी सुरू होतात. तुमचे सर पाड्यावर येणार नसतील तर निदान पायलट फॉर्म पाच घरांत भरून त्यांच्या टेबलावर ठेवा, उरलेले छापायच्या आधी. मी सगळे 120 आधीच छापले, झेरॉक्सवाला सवलत देत होता म्हणून. आणि अंगणवाडीच्या रजिस्टरवरून घरबसल्या फॉर्म भरून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे व्हा.

तिसऱ्या फेरीला, होळीनंतर, मी त्याच आजींकडे गेले. अंगणात मोहाची फुलं वाळत होती आणि ऊसतोडीहून परतलेली सून घरी होती. तिलाच दुभाषी केलं आणि विचारलं, लहानपणी आई तुमच्याशी काय बोलायची? आजी बराच वेळ बोलल्या, मध्ये हसल्या, डोळे पुसले. सून म्हणाली, "आई नोईरी होती, बाप पावरा. ती म्हणते, भांडण आईच्या बोलीत व्हायचं." फॉर्मवर मी दोन्ही लिहिल्या. संगणकात भरताना तो फॉर्म सॉफ्टवेअरने नाकारला, एका रकान्यात दोन नोंदी चालत नाहीत म्हणून. तो आकडा माझ्या तक्त्यात आजही 'इतर'मध्ये आहे.