पोरंबाळं आणि आजी-आजोबा घेऊन जंगलात जायचंय? गाडी ठरवायच्या आधी एवढं बघा

मी कोल्हापुरात रंकाळा स्टँडजवळ भाड्याची गाडी लावतो, दहा-बारा माणसं बसतील अशी. दिवाळीपासून मे संपेपर्यंत माझी निम्मी भाडी दाजीपूर, आंबा, गगनबावडा, पाटगाव अशीच असतात आणि फोनवरचा प्रश्नही ठरलेला असतो: "दादा, सकाळी दाजीपूर, मग राधानगरी धरण, राऊतवाडीचा धबधबा, येताना आदमापूरला बाळूमामा. एका दिवसात बसतंय न्हवं?"

गाडीला बसतंय की. चार वर्षांच्या पोराला आणि गुडघे धरलेल्या आजीला बसत नाही. शिवाय दाजीपूरचं जंगल उघडं असतं तेव्हा राऊतवाडीचं पाणी आटत आलेलं असतं, आणि राऊतवाडी भरून कोसळत असतो तेव्हा जंगलाचं गेट बंद असतं. यादी करणाऱ्यानं हे बघितलेलंच नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं, एका दिवसाला एकच जागा. जंगलात गेलेला माणूस दोन तास एका ठिकाणी टेकला तरच त्याला काहीतरी दिसतं.

पोरं अगदी लहान असतील तर आधी गावातच सराव करा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात सकाळी लवकर जा, मोर दिसायची चांगली संधी असते. रंकाळ्याच्या काठाला जांभळी पाणकोंबडी शोधा. पोरगं तासभर न कुरकुरता चाललं, तहान लागली तर सांगितलं, तर पुढच्या महिन्यात लांबचा बेत करा. अर्ध्या तासात "मोबाईल दे" म्हणालं तर अजून दोन-तीन सकाळी तिथंच काढा. त्यात पेट्रोलही वाचतंय.

आता दाजीपूर. कोल्हापुरातनं ८० किलोमीटरच्या आसपास. १९५८ पासून हे गव्यांचं अभयारण्य आहे, पुढं ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्यात हेही आहे. एवढ्या जंगलात गवा तुमच्या रविवारच्या वेळापत्रकानं रस्त्यावर येऊन उभा राहील ही अपेक्षाच गाडीत चढवू नका. निघतानाच पोरांना सांगायचं, गवा दिसला तर नशीब, आपण चाललोय जंगल बघायला.

त्यापेक्षा पोरांना शोधायला कामं द्या. मी सांगतो ते राज्याच्या मानकऱ्यांचं: राज्यप्राणी शेकरू म्हणजे मोठी खार, राज्यपक्षी हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, राज्यफूल ताम्हण, राज्य फुलपाखरू नीलवंत. शेकरू दिसलं नाही तरी त्याचं घरटं दिसतं. झाडाच्या शेंड्याजवळ फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा असतो, आणि एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं. पोरं माना वर करून घरटी मोजत बसली की गाडीतली भांडणं आपोआप थांबतात. फेब्रुवारी-मार्चला गेलात तर अंजनी फुललेली असते, खोडाफांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेले. ताम्हण बघायचा तर एप्रिल-मे. त्याच वेळेला करवंदं, जांभळं. वाटेवर पाटी घेऊन बसलेल्या मावशीकडनं विकत घ्या, अभयारण्याच्या आत झाडाला हात लावायचा नाही.

गेटवर फी भरून, तिथला गाईड घेऊन, तिथल्याच लोकांच्या जीपनं आत जा. माझी गाडी बाहेर उभी राहिली तर माझं काही जात नाही. त्या जीपवाल्याला कुठल्या वळणावर सकाळी कळप असतो ते माहीत असतं, आणि जंगलाचा पैसा जंगलाकाठच्या घरात गेला तर त्या घराला जंगल राखावंसं वाटतं. कपडे मळखाऊ रंगाचे घाला. भडक लाल-पिवळे नकोत, अत्तर नको. स्पीकर घेऊन आलेल्यांना मी गाडीतच सांगतो, गाणी राधानगरीपर्यंत, पुढं बंद.

गवा दिसलाच तर जीपमधनं उतरायचं नाही. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसले की पोरं खुश होतात, तेवढ्यावर समाधान माना. त्यानं मान वर करून फुसकारलं, पाय आपटला की जीप मागं घ्यायला सांगा. सेल्फीसाठी "जरा जवळ घ्या की" म्हणणारे काका प्रत्येक घरात एक असतातच, त्यांना मधल्या सीटवर बसवा.

गाडी लागणाऱ्याला मात्र पुढच्या सीटवर जागा द्या. सकाळी शहरातनं निघताना कटाची मिसळ खाऊन वळणांच्या रस्त्याला लागणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, पिशव्या तयार ठेवतो. पोटात हलकं पाहिजे: पोहे, केळं, नाहीतर धपाटं आणि घट्ट दही. बरोबर आलेपाक किंवा आवळा सुपारी. खाऊ म्हणून भडंग घरून डब्यात न्या. वेफर्सच्या पुड्या घेतल्या की त्यांचे कागद वाऱ्यानं उडतात आणि माकडं माणसाच्या हातातल्या पुडीला सोकावतात. माकडाला काहीही द्यायचं नाही. दुपारचं जेवण गावातल्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगा. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खर्डा असं आयत्या वेळी दहा जणांना कोण घालणार?

बायकांना नेहमी पडणारा आणि पुरुषांनी कधी न विचारलेला प्रश्न म्हणजे संडास. राधानगरी सुटलं की सोय कमी होत जाते, म्हणून तिथंच थांबा. जिथं चहा घेताय तिथंच विचारा, दोन कप जास्त घ्या पण विचारा. आडवाटेला वेळ आलीच तर ओढ्यापासून चांगलं लांब जाऊन खुरप्यानं खड्डा करून बुजवायचं. बाळाचे डायपर आणि पॅड जंगलात टाकायचे नाहीत, पुरायचेही नाहीत. झाकणाचा एक डबा नुसता त्यासाठी ठेवा आणि घरी आणा. घाण वाटत असेल तर वाटू दे.

पावसाळ्यात जायचं असेल तर पंचगंगेचं पाणी बघूनच ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडं सरकायला लागलं की गगनबावड्याचा बेत रद्द. तो रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो आणि माणसं पलीकडं अडकतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की धरणाखालच्या भोगावती नदीच्या काठाला पोरं न्यायची नाहीत. धबधब्याखाली तर मी कुणाला पाठवतच नाही. इथं ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो, आणि पाणी गढूळ व्हायला लागलं की बाहेर यायला फार वेळ मिळत नाही. बरकीचा, राऊतवाडीचा धबधबा लांबनं बघा, तुषार अंगावर घ्या, कणीस खा. जळवा लागतात, नखानं हळू सोडवायच्या, घाबरायचं कारण नाही. साप चावला तर मात्र चिरायचं, चोखायचं, बांधायचं काही नाही. माणसाला न हलवता-चालवता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना. वनखात्याचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ नंबर कागदावर लिहून ठेवा, पण आत रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

आजी-आजोबांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे सप्टेंबरात पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. सपाट आहे, दम लागत नाही. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात. गाडी पठारावर चढवा असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका, एका चाकाखाली किती फुलं जातात ते उतरून बघा. शिवाजी महाराज १६६० मध्ये पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं निघाले ते याच पठारावरनं, त्यामुळं आजोबांना बोलायला विषय मिळतो आणि पोरं ऐकतात.

पोरांना हाताशी काहीतरी बघायचं असेल तर भुदरगडातल्या पाटगावला न्या. मधाचं गाव. २०२३ मध्ये केंद्राच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं. पेटीत पाळायच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या असतात, मध काढणारा माणूस पेटी उघडून दाखवतो. राणीमाशी शोधताना पोरगं श्वास धरून बसतं. फक्त रानातल्या आग्या मोहोळाखाली दंगा नको, शेकोटी तर नकोच.

काजव्यांसाठी मेअखेर ते पहिला पाऊस, राधानगरी किंवा आंबा घाटाच्या बाजूला. फ्लॅश, मोबाईलची टॉर्च बंद. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा, तेही पायाखाली बघण्यापुरतं. पाच वर्षांखालचं पोर तोवर झोपलेलं असतं, त्याला उचलून नेण्यात अर्थ नाही.

काजवे सोडून बाकी सगळीकडनं अंधाराच्या आत परत निघा. फोंडा आणि आंबा घाटाच्या रस्त्याला संध्याकाळनंतर गवे आडवे येतात. आलाच तर लाईट डिपर करून थांबायचं, हॉर्न मारायचा नाही. एक गेला म्हणून गाडी काढायची नाही, मागं दुसरा असतोच.

गाडी ठरवताना भाडं किलोमीटरवर न ठरवता दिवसावर ठरवा, म्हणजे ड्रायव्हरला पळवायची घाई नसते. थांबा कुठं कुठं, परत किती वाजता, टोल-पार्किंग कुणाचं, हे आधी बोला. आणि ड्रायव्हरचं जेवण कुणाकडं तेही बोला. पंगतीत बसवलंत तर पांढरा रस्सा दोनदा मागणार, सांगून ठेवतो.