सोशल सायकॉलॉजी शिकवताय? फुकटचं मटेरियल ढीगभर आहे, वापरायचं कसं ते बघा

निपाणी, खानापूर, चिक्कोडी, कुठंही जावा, सायकॉलॉजी शिकवणाऱ्यांची रड एकच, पुस्तकातली उदाहरणं सगळी अमेरिकेची आणि समोरची पोरं दहावीपर्यंत मराठी नाहीतर कन्नड मीडियमची. मटेरियल नेटवर भरपूर पडलंय हो, त्यातलं घ्यायचं काय आणि बदलायचं काय एवढाच प्रश्न आहे.

वाचायला दोन जागा पुरतात. ओपनस्टॅक्स या फुकट पाठ्यपुस्तकांच्या साइटवरचं सायकॉलॉजी टू-ई (दुसरी आवृत्ती), त्यातला बारावा चॅप्टर आपला, आणि नोबा या सायकॉलॉजीच्या साइटवरची छोटी छोटी मॉड्यूल्स. दोन्ही फुकट, दोन्हीला क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स आहे, म्हणजे मूळ नाव देऊन, पैसे न घेता मराठी-कन्नडमध्ये नोट्स करून पोरांना वाटल्या तरी चालतंय (नोबाचं भाषांतर त्याच लायसन्सखाली द्यायचं, एवढं लक्षात ठेवा). वायफाय असताना पीडीएफ उतरवून ठेवा.

वाचून झालं की प्रोजेक्ट इम्प्लिसिट, म्हणजे मनातले नकळत असलेले पूर्वग्रह तपासणाऱ्या ऑनलाइन टेस्टची साइट. ती १९९८ पासून चालू आहे, सुरू करणाऱ्या तिघांतल्या महजरीन बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या, हे सांगितलं की पोरं जरा सरसावून बसतात. टेस्ट घरी करायला सांगा, पण रिझल्टचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही म्हणून आधीच बजावा, कारण एका टेस्टवरनं माणूस कसा आहे ते ठरत नाही. स्टॅनफर्ड जेलचे, म्हणजे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि गार्ड बनवून केलेल्या प्रयोगाचे व्हिडिओ दाखवणार असाल तर २०१८ मध्ये झालेली टीकाही दाखवा, टीममधलाच माणूस एका गार्डला कडक वाग म्हणून सांगतोय असं रेकॉर्डिंग आहे.

आता मेन टॉपिक, ग्रुप आयडेंटिटी. आपल्याकडं हा निघाला की गाडी थेट दुकानाच्या पाट्या आणि सीमाप्रश्नावर, पाच मिनिटांत वर्गाचे दोन भाग, आणि १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, मराठी लोकांचा काळा दिन) आसपास तर विषय काढूच नका. म्हणून माझं म्हणणं, आधी ताज्फेल, मग बेळगाव. हेन्री ताज्फेल या सोशल सायकॉलॉजिस्टनं इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या पोरांना पडद्यावरची टिंबं मोजायला लावली, मग उत्तरावरनं म्हणून सांगून, पण खरं तर चिठ्ठ्या टाकल्यागत गट पाडले आणि प्रत्येकाला बाकीच्या पोरांमध्ये पैसे वाटायला सांगितले, तर तेवढ्यावरच पोरं आपल्या गटाकडं झुकली. १९७० चं काम आहे हे.

हे गुगल फॉर्मवर मस्त जमतंय. पहिल्या फॉर्मात टिंबांचं चित्र टाका, किती दिसली विचारा. मग ‘जास्तवाले’ आणि ‘कमीवाले’ अशा चिठ्ठ्या वाटा, उत्तर न बघता, डोळे झाकून. दुसऱ्या फॉर्मात पैसे कसे वाटायचे याचे तीन पर्याय: आपल्या गटाला ७ त्यांना १, दोघांना १३-१३, आपल्याला १९ त्यांना २५. प्रश्न मराठी-कन्नड दोन्हीत एकाच फॉर्मात घाला, वेगवेगळे फॉर्म केलात की गट तिथंच पडले. ईमेल घेऊ नका, नाव विचारू नका. रिस्पॉन्सेसमध्ये चार्ट आपोआप येतोय, तो पडद्यावर लावा आणि विचारा, आपल्याला १९ मिळत होते की, मग ७ कुणी आणि का घेतले? इथं गप्प बसा, पोरांनाच बोलू दे. पाट्यांचा विषय पुढच्या तासाला.

आणि चिठ्ठ्या डोळे झाकून वाटल्या होत्या हे त्याच तासाला सांगून टाका, उद्यावर ढकललंत तर तोवर कॅन्टीनमध्ये कमीवाले-जास्तवाले सुरू झालेलं असतंय.